करंटवाले उंदीर

मला उंदीर आवडत नाहीत. आठ वर्षं त्यांच्यात काढली, त्यांची घाण उपसली, मानेला धरून त्यांना वजनकाट्यावर बसवलं, तरी माया म्हणून काही सुटली नाही. लोकांना वाटतं, प्रयोगशाळेत प्राणी सांभाळणारी बाई म्हणजे मुक्या जिवांवर जीव टाकणारी असणार. तसं काही नसतं. बी.एस्सी. झाले, घरून एसटीने जाऊन येऊन करता येईल अशी एकच नोकरी मिळाली, ती धरली. कर्जतच्या बाजूला एक फार्मसी कॉलेज आहे, त्याच्या प्राणिगृहात मी टेक्निशियन होते. ही हकिगत त्या उंदरांची आणि माझ्या वहिनीची आहे. दोघांशी जे वाईट वागले त्यांच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही, आणि वागणाऱ्यांत मीही होते.

आमचं घर कळंबच्या अलीकडे. आमच्या खाचरात विजेचा मोठा टॉवर उभा आहे आणि त्याच्या जाड तारा बरोबर घरावरून जातात. हवा दमट असली की त्या घूं घूं करतात. आम्हाला ते ऐकूही येत नाही, पण पाहुणे आले की आधी वर बघतात आणि मग चपला काढतात.

वहिनी खालापूरकडची. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आमची आई बोलायला लागली की समोरच्याला काही सुचत नाही. वहिनीने भाकरी थापली तरी टोमणा, नाही थापली तरी टोमणा. शेजारणीचं बाळ घरात आलं की आई ते उचलून घ्यायची आणि वहिनीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "काय करणार बाबा, आपल्या घरात खेळायला कोणी नाय." आधी भगत झाले, मग कर्जतचे डॉक्टर झाले, मग पनवेलचे. सोनोग्राफी, रक्त, गर्भनळ्यांची तपासणी, सगळं झालं. वहिनीच्या रिपोर्टात दर वेळी सगळं ठीक असायचं, आणि घरी आल्यावर आई म्हणायची की डॉक्टरला काय कळतंय.

त्या वर्षी आईने नेरळकडची एक मुलगी मनात धरली होती. दादाचं दुसरं करायचं, हे तिने मला भांडी घासताना सांगितलं, जसं उद्या बाजारात जायचंय असं सांगावं तसं. दादा टेंपो चालवतो. तो या विषयावर हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. वहिनीला सगळं कळत होतं. तिच्या हातात एकच गोष्ट होती, वरची तार. "तारेमुळं होतंय ओ, वन्सं," ती मला म्हणायची. "माहेरी माझ्या तिघी बहिणींना पोरं हायेत. ह्या तारेखाली आले आणि असं झालं." आई त्यावर म्हणायची, "मी पण ह्याच घरात दोन पोरं काढली." तार त्यानंतर दहा वर्षांनी आली, हे आई विसरायची.

आणि नेमक्या त्याच वर्षी आमच्या सरांनी चुंबकीय क्षेत्राचा प्रयोग घेतला.

सर म्हणजे आमच्या विभागाचे मोठे प्राध्यापक. अंगात विद्वत्ता किती ते मला ठाऊक नाही, पण ती मिरवायची हौस भरपूर. प्रयोग सोपा होता. लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळून दोन मोठी कडी केली होती. त्यांतून वीज सोडली की मधल्या जागेत चुंबकीय क्षेत्र तयार होतं, विजेच्या तारांभोवती असतं त्याच जातीचं. मध्ये पिंजरे ठेवायचे. शेजारच्या खोलीत तशीच कडी, तसेच पिंजरे, फक्त वीज नाही. काही आठवडे रोज ठरावीक तास असं करायचं आणि मग दोन्हीकडच्या उंदरांचं रक्त काढून त्यातलं ताणाचं हार्मोन मोजायचं. जीव घाबरला किंवा छळला गेला की हे हार्मोन रक्तात वाढतं. करंटवाल्यांत ते जास्त निघालं तर म्हणायचं की क्षेत्राचा परिणाम होतो.

हे मी घरी सांगितलं. इथेच माझं चुकलं. मला शहाणपणा दाखवायचा होता, दुसरं काही नाही. वहिनी चुलीपुढे बसली होती, तिने फुंकणी खाली ठेवली आणि मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं. त्या दिवसापासून मी घरात पाय ठेवला की तिचा पहिला प्रश्न, "वन्सं, तुमचे उंदीर कसे हायेत?" मी म्हणायचे, बरे आहेत. तिला ते बरे नको होते, हे तिच्या तोंडावर दिसायचं, आणि मला हसू यायचं.

रक्त काढायचा दिवस आला. आता आमच्याकडची एक पद्धत सांगते. कॉलेजात कुठलंही मोठं काम सुरू करताना नारळ फुटायचा. नवीन मशीन आलं की नारळ, परीक्षा सुरू झाली की नारळ. सरांनी ती पद्धत प्राणिगृहातही आणली होती. प्राण्याला इजा करायची तर आधी नारळ फोडून माफी मागायची, असं ते म्हणायचे. ऐकायला बरं वाटतं. पण नारळ कधी फोडायचा? बिनकरंटवाले उंदीर सरांच्या हिशेबी तुलनेपुरते, किरकोळ. खरं काम करंटवाल्यांपासून सुरू. म्हणून सकाळी आम्ही आधी बिनकरंटवाले उरकले. गुंगी द्यायची, डोळ्याच्या कोपऱ्यातून बारीक काचेच्या नळीने रक्त घ्यायचं, पुढचा. शांतपणे झालं सगळं. मग मी करंटवाल्यांचे पिंजरे ढकलगाडीवरून आणले, ओळीने लावले, सरांनी पाचसहा उदबत्त्या पेटवल्या आणि पिंजऱ्यांसमोरच्या लादीवर नारळ आपटला. एका फटक्यात फुटला नाही. तीनदा आपटावा लागला. सगळे जोरात जयजयकार करून हसले. मग खोबऱ्याचे तुकडे आणि साखर वाटली, चहा आला, आणि सावकाश आम्ही रक्त काढायला बसलो. प्रसादाची ताटली माझ्याच हातात होती.

निकाल आला तेव्हा सर खुर्चीतून उठून उभे राहिले. करंटवाल्यांत हार्मोन भरपूर वाढलेलं. परिषदेत पाठवायला निबंध तयार झाला. एका स्थानिक पेपरात बातमी आली की विजेच्या तारांमुळे हार्मोन बिघडतात, कर्जतच्या प्राध्यापकांचं संशोधन. वर सरांचा फोटो, हातात पांढरा उंदीर. उंदराला धरायची पद्धतही चुकीची होती.

ती बातमी दादाने घरी आणली. एरवी तो घरात चार शब्द बोलत नाही, पण त्या दिवशी त्याने ती मोठ्याने वाचली आणि मग पारावर नेऊन पुन्हा वाचली. गावाने ती उचलली. कोणाची म्हैस दूध देत नव्हती, कोणाला झोप येत नव्हती, सगळं तारेवर गेलं. आणि आमच्या घरात नवल झालं. आई गप्प झाली. आठवड्याभरात ती स्वतःच शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "पोरीचा काय दोष? तारेनं हार्मोन बिघडलं तिचं." नेरळच्या मुलीचं नाव निघेनासं झालं. दादा रस्त्याच्या बाजूला नवं घर बांधायची भाषा करू लागला. वहिनी आमच्याबरोबर पंक्तीला बसून जेवायला लागली. तोवर ती सगळ्यांचं झाल्यावर एकटी जेवायची, आणि इतक्या वर्षांत मला त्यात वावगं दिसलं नव्हतं.

मला गप्प बसू दिलं नाही ते मामांनी. मामा म्हणजे पिंजरे धुणारे आमचे सहकारी, डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतले. शाळा फारशी झालेली नव्हती, पण जनावराचं कळायचं आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. एक दिवस पिंजऱ्यात भुसा भरताना ते म्हणाले, "ताई, नारळ फुटला ना, तवा ह्यांचे कान बघितले का? मागं पडले सगळ्यांचे. एक तर कोपऱ्यात तोंड घालून बसला." मी म्हटलं, करंटमुळे बिथरलेले असतील. मामा म्हणाले, "करंट तर आदल्या दिवसापासून बंद होता."

हातातला भुसा मी तसाच टाकला. हार्मोन मोजायच्या सामानाबरोबर माहितीपत्रक येतं. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की पिंजऱ्याला हात लावल्यापासून अगदी थोड्या मिनिटांत रक्त घ्या, नाहीतर नुसत्या भीतीने हार्मोन चढतं. मी ते आठ वर्षं वाचत होते. बिनकरंटवाल्यांचं रक्त आम्ही झटपट घेतलं होतं. करंटवाल्यांना गाडीवरून खडखडत आणलं, नाकाशी धूर केला, कानाशी तीनदा नारळ आपटला, आणि चहा होईपर्यंत त्यांचं हार्मोन चढायला वेळ दिला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, म्हणतात ना. आमच्याकडे तर फांदी आम्हीच तोडली होती.

सर परिषदेला गेले तेव्हा मी परवानगी न घेता एक उद्योग केला. काही उंदीर उरले होते, त्यांनी करंट जन्मात बघितला नव्हता. निम्म्यांचं रक्त आधी घेतलं. मग मामांना नारळ फोडायला सांगितला, उदबत्ती लावली, चहा प्यायले आणि उरलेल्यांचं घेतलं. उरलेल्यांत हार्मोन तसंच चढलं, करंटवाल्यांत चढलं होतं तसंच.

सर आल्यावर कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून बघितला, काढला, परत लावला. मग म्हणाले, "तुला हे कोणी करायला सांगितलं?"

"कोणी नाही. पण निबंध चुकलाय, सर."

"अगं, मग मी त्यात काय लिहू? नारळ फोडला म्हणून लिहू?"

"लिहा. नाहीतर प्रयोग पुन्हा करा, नारळाशिवाय."

ते हसले. ते हसणं मला अजून सलतं. "तुझ्याच घरावरून तारा जातात ना? तूच सांगितलं होतंस, वहिनीला त्रास होतो म्हणून. आता तिचं भलं झालं तर तुझ्या नाकाला मिरच्या का झोंबतात?" मी त्यांना खोटारडे म्हणाले. तोंडावर म्हणाले, आणि दार उघडं होतं. दुसऱ्या दिवसापासून मला प्राणिगृहातून काढून काचेची भांडी धुवायला पाठवलं. निबंध जसाच्या तसा एका नियतकालिकाकडे छापायला गेला. मी त्या नियतकालिकाला पत्र लिहिलं, पाकीट बंद केलं, आणि ते पर्समध्ये घेऊन फिरत राहिले. कारण सर नालायक असले तरी एक गोष्ट खरी बोलले होते. निबंध पडला तर वहिनीच्या डोक्यावरचं छप्पर पडणार होतं.

शेवटी एका रविवारी तिला परसात गाठलं. ती कपडे धूत होती. मी सगळं सांगितलं, नारळ, धूर, चहा. तिने धुणं थांबवलं नाही.

"म्हंजे तारेचं काय नाय?"

"आहे की नाही ते आम्हाला कळलेलंच नाही. आम्ही नारळाची भीती मोजली."

"मंग मला कशाला सांगितलंत?" तिने चादर दगडावर अशी आपटली की पाणी माझ्या तोंडावर उडालं. "जरा दोन महिने सुखाचा घास खाल्ला, तो पण बघवला नाय तुमाला. सहा वर्षं आई बोलत होत्या तवा तुमचं खरं कुठं गेलं होतं?"

मी रागाने उठले, मग परत बसले. तिने चादर पिळून वाळत टाकली. मग तिने सहज विचारलं, "ते उंदीर बाया होते का बापे?"

"सगळे नर."

"आणि बाया का नाय घेतल्या?"

माद्यांच्या पाळीप्रमाणे हार्मोन खालीवर होतं, हिशोब अवघड होतो, म्हणून सोयीसाठी नर घेतात, हे मी तिला सांगितलं. ती हसायला लागली. ते हसणं चांगलं नव्हतं.

"सगळं गाव पेपर वाचून सांगतंय, तारेनं हिचं बिघडलं. आणि तुमी करंट लावला बाप्यांना! मंग दवाखान्यात मला का नेता ओ? दर डागदर सांगतो, आता नवऱ्याला घेऊन या. तुमच्या दादाला नेलंत कधी? एकदा तरी?"

चोर सोडून संन्याशाला सुळी द्यावी, तसं आमच्या घरात चाललं होतं, आणि चोर आहे की नाही हे बघायचीही कोणाची तयारी नव्हती. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. दुसऱ्या कुठल्याही बाईने विचारलं असतं तर पहिल्या वाक्यात सांगितलं असतं की आधी नवऱ्याची तपासणी करा, ती सगळ्यांत सोपी असते. पण तो दादा होता. त्याच्या टेंपोवर माझं शिक्षण झालं. उंदराला मानेला धरणं सोपं असतं. सख्ख्या भावाला हा शब्द बोलायची मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेची किंमत दुसरी बाई देत होती.

दुपारी जेवताना वहिनीने दादाला सांगितलं, "उद्या माझ्यासंगं पनवेलला चला. तुमची तपासणी करायची."

दादाचा घास तसाच राहिला. "मला काय धाड भरलीय?"

"तेच बघायचं."

आईने कपाळावर हात मारून घेतला. "नवऱ्याला असं बोलतात? घराची लाज काढतेस?" दादा मात्र वहिनीशी बोललाच नाही, माझ्याकडे वळला. मीच हिच्या कानात काहीतरी घातलं, हे त्याने ओळखलं होतं. मी निबंध चुकल्याचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "चुकला तर चुकला. तुला काय करायचं? तारेमुळं हाय, असंच म्हणायचं. सगळे गप बसलेत ना? मंग बसू दे."

"आणि मूल?" वहिनीने विचारलं.

"नसलं तर नसलं. लोकांना तार सांगायची."

मला वाटत होतं, त्या निबंधाने वहिनीची सुटका झाली. त्या जेवणात कळलं की त्याच्या आड दादा लपून बसला होता. पेपर त्यानेच आणला होता, पारावर त्यानेच वाचला होता. मी म्हटलं, "दादा, मी खोटं नाही बोलणार. पण तू तपासणी कर, मी येते बरोबर." त्याने ताट सरकवून दिलं आणि टेंपो काढून निघून गेला.

वहिनीने तीन दिवस वाट बघितली. चौथ्या दिवशी सकाळी तिने दोन पिशव्या भरल्या आणि माहेरची, खालापूरची गाडी पकडली. मी स्टँडपर्यंत गेले. वाटेत तिने मला पिशवीला हात लावू दिला नाही, आणि मी तिच्या जागी असते तर मीही दिला नसता. परत येताना मी ते पत्र पोस्टात टाकलं.

निबंध छापला गेला नाही. सरांचं काही बिघडलं नाही. माझी नोकरी गेली. गावात मात्र ती तार आजही दोषी आहे, फक्त आमचं घर सोडून. आमच्या घरात आईने दोष पुन्हा जुन्या जागी नेऊन ठेवला. "पळून गेली, म्हंजे तिच्यातच खोट होती," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागली. सोडचिठ्ठीचे कागद झाले आणि त्यांच्यावरची शाई वाळायच्या आत नेरळची माणसं बघायला आली.

मुलगी आली नव्हती, तिचा बाप आणि चुलता आले होते. बाप उन्हातान्हात राबलेला, कमी बोलणारा माणूस. मी पोहे दिले. दादा नवा शर्ट घालून बसला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर मुलीच्या बापाने विचारलं, "पयलीला कशापायी सोडली?"

"मूल नाय झालं," आई म्हणाली. "किती डागदर केले. तिचं सगळं सगळं तपासलं."

चहाचे कप माझ्या हातात होते. आईने माझ्याकडे असं बघितलं की जीभ काढून हातात देईल. त्या क्षणी मला सरांचा राग आला, आईचा आला, दादाचा आला, पण सगळ्यांत जास्त आला तो माझा, वर्षानुवर्षं हातात ताटली धरून उभी राहणाऱ्या बाईचा.

मी म्हणाले, "तिच्यात काहीच निघालं नाही. याचं तपासलेलंच नाही."

आई ओरडली. दादा उठला आणि परत बसला. मुलीच्या बापाने पोह्यांची बशी हळूच खाली ठेवली. तो ना आईकडे वळला, ना माझ्याकडे. दादाकडे बघून त्याने साध्या आवाजात विचारलं, "का नाय तपासलं?"

दादा नव्या शर्टाची बाही ओढत बसला. सहा वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात त्याला एकाच माणसाने तोंडावर विचारला होता, आणि तिला आम्ही खालापूरच्या गाडीत बसवून आलो होतो.